सयामातील एक भोजन

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सपत्नीक सयामदेशी जाऊन आलो. त्या देशाने १९३९ सालीच ते नाव टाकून 'थायलंड' हे नाव धारण केले, हे आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे; परंतु आजोबांच्या संग्रहातील एका जीर्ण भूगोलात हा देश आम्हांस प्रथम भेटला तो सयाम म्हणून, आणि तेच नाव आमच्या तोंडी बसले आहे. आमचे चिरंजीव चार वर्षांपासून नोकरीनिमित्त बँकॉक येथे राहतात. दरवर्षी त्यांचा आग्रह होई, आणि दरवर्षी उत्तरपत्रिका, गुडघेदुखी, घराची डागडुजी यांपैकी एखादी सबब आमच्या मदतीस धावून येई. २०२३च्या नोव्हेंबरापासून आपल्याकडील लोकांस व्हिसावाचून तेथे प्रवेश मिळू लागला, तेव्हा निम्म्या सबबी आपोआप गळाल्या. उरलेल्या निम्म्या सौभाग्यवतींनी मोडून काढल्या. "मुलगा बोलावतो आहे, आणि तुम्ही गुडघा कसला सांगता?" एवढाच त्यांचा युक्तिवाद होता, तो खोडून काढणे आम्हांस साधले नाही.

त्या देशी जाणाऱ्या शाकाहारी मनुष्याची खरी परीक्षा मांसाने होत नाही. मांस डोळ्यांना दिसते, ते बाजूस सारता येते. परीक्षा होते ती 'नाम प्ला' नावाच्या पाण्याने. बारीक मासळी मिठात मुरवून, कित्येक महिने ठेवून, तिचा जो अर्क निघतो तो हा. आपल्याकडे मिठाला जे स्थान आहे ते तेथे त्याला आहे, आणि म्हणून भाजीत, भातात, कोशिंबिरीत, जेथे म्हणून मनुष्य शंका घेणार नाही तेथे तो असतो. आम्ही स्वतः रत्नागिरीचे असून मासे खातो. खरे सांगावयाचे तर घराबाहेर खातो, घरात ते शिजत नाहीत. सौभाग्यवतींचा आहार मात्र माहेरापासून कडक शाकाहारी आहे. पहिल्या दिवशी त्यांनी वाफाळलेल्या कोबीचा एक घास घेतला, क्षणभर थांबल्या, व पुढील सारे जेवण कोरा भात, घरून आणलेले मेतकूट आणि दोन केळी यांवर भागविले.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी खिशातून एक कागद काढून आईच्या हाती दिला. त्यावर थाई लिपीत सुवाच्य, वाटोळ्या अक्षरांत सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. भोजनगृहात हा कागद दाखवावयाचा, म्हणजे मासळीचे पाणी नको, कोळंबीची पूड नको, कालवांचा रस नको, अंडे नको हे सर्व न बोलता कळेल, अशी योजना होती. पहिला शब्द चिरंजीवांनी वाचून दाखविला तो 'मांगसविरात'. आम्ही खुर्चीतून जवळजवळ उठलोच. हा तर शुद्ध 'मांसविरति' शब्द! ज्या अर्थी आमच्या मराठीनेही 'शाकाहारी' या अपुऱ्या शब्दावर समाधान मानले, त्या अर्थी हा अर्थवाही शब्द जपून ठेवणाऱ्या लोकांविषयी आमच्या मनात एकाएकी आदर उत्पन्न झाला. सौभाग्यवतींनी मात्र तो कागद उलटसुलट करून पाहिला, अक्षर पाहिले, मुलाच्या तोंडाकडे पाहिले, आणि कागद नीट घडी घालून बटव्यात ठेवला. तेव्हा आम्हांस त्यात काही विशेष वाटले नाही.

चौथ्या दिवशी आगगाडीने आम्ही हुआ हिन येथे पोचलो. बँकॉकच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरांवर हे समुद्रकाठचे गाव आहे. नावाचा अर्थ 'पाषाणाचे मस्तक' असा असून किनाऱ्यावर खरोखरीच मोठमोठे गोल धोंडे पडलेले आहेत. २०२३च्या डिसेंबरापासून गाड्या खांबांवर उभारलेल्या नव्या, उंच स्थानकात थांबतात. तांबड्या व पिवळट रंगाचे जुने लाकडी स्थानक व त्यालगतचा राजासाठी राखलेला विश्रांतिमंडप खाली तसाच जपून ठेवला आहे. राजे प्रजाधिपोक यांनी येथे समुद्रतीरी एक राजवाडा बांधला व त्यास 'क्लाय कांगवोन' म्हणजे 'चिंतेपासून दूर' असे नाव ठेवले. तो बांधून फार वर्षे लोटली नाहीत तोच, १९३२ सालच्या २४ जूनला, राजे याच गावी असताना राजधानीत क्रांती होऊन त्यांची अनियंत्रित सत्ता गेली. पुढे १९३५ साली त्यांनी सिंहासनही सोडले. ही हकिगत आम्ही सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "नाव ठेवल्याने चिंता जातात होय?"

आणखी एका गोष्टीने त्या गावी आमचा विरस झाला. समुद्र म्हटला की सूर्य त्यात मावळावयाचा, हा आम्हां कोकणच्या माणसांचा जन्माचा समज आहे. सायंकाळी आम्ही वाळूत जाऊन मोठ्या अपेक्षेने बसलो. आणि सूर्य आमच्या पाठीमागे, घरांच्या व डोंगरांच्या आड, गुपचूप मावळून गेला. तेथील किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, एवढी साधी गोष्ट आमच्यासारख्या नकाशे पाहणाऱ्यास आधी सुचू नये, याची मौज वाटली. ती पुरती अनुभवण्याआधीच चिरंजीव घसा खाकरून म्हणाले, "बाबा, आज रात्री आपण एका इंडियन रेस्टॉरंटात जेवू या. आईला तेवढाच पालट. आणि माझी एक मैत्रीण येणार आहे बँकॉकहून."

आम्ही मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध २५ वर्षे शिकवीत आहोत. आगरकरांच्या जयंतीस व्याख्यान द्यावयाचे असले की आमच्या गावची मंडळी आमच्याकडेच येतात. जातिभेद, हुंडा, पत्रिका या विषयांवर आमची मते छापील आहेत व ती बदललेली नाहीत. तथापि प्रामाणिकपणे नमूद करावयाचे तर, 'मैत्रीण' हा शब्द ज्या स्वरात उच्चारला गेला तो ऐकताच आमच्या मनात जो पहिला प्रश्न उभा राहिला तो 'कोणाची कोण?' हा होता. या प्रश्नास त्या देशात काही अर्थच नाही हे दुसऱ्या क्षणी ध्यानात आले, आणि तेव्हा तर पायांखालची वाळूच सरकल्यासारखे झाले. अर्थ असलेल्या प्रश्नाशी मनुष्य निदान झगडू तरी शकतो.

ते भोजनगृह बाजाराच्या आडव्या गल्लीत होते. दाराशी एक तरुण उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यास 'नमस्ते' म्हणून आत बोलावीत होता. आत गेल्यावर गल्ल्याशेजारी गणपतीची मूर्ती, तिच्यापुढे झेंडूची माळ, उदबत्ती व तांबड्या सरबताची एक बाटली, तीत नळी घातलेली. थाई लोक गणपतीस 'फ्रा फिखनेत' म्हणतात; हा आपला विघ्नेशच. त्या देशी तो कलांचे दैवत मानला जातो, व तेथील ललितकला खात्याच्या मुद्रेवरही त्याचेच चित्र आहे. बाप्पांस नळीने सरबत पिताना पाहून सौभाग्यवतींनी हात जोडले आणि हसू आवरले.

पदार्थांची यादी म्हणजे एक ग्रंथच होता. पनीर सतरा प्रकारचे, नान नऊ प्रकारचे, कोंबडी मोजण्यापलीकडे. हे सर्व 'आपले' अन्न म्हणून आमच्यापुढे आले होते. परंतु आमच्या लहानपणी रत्नागिरीत नान कोणी पाहिला होता? भट्टीतले हे तंदुरी अन्न फाळणीनंतर पेशावर व पंजाबकडून दिल्लीस आलेल्या निर्वासितांनी घरोघर नव्हे तरी हॉटेलोहॉटेल पोचविले, आणि तेथून ते हिंदुस्थानचा प्रतिनिधी होऊन जगभर हिंडू लागले. आमच्या कुळथाच्या पिठल्यास, फणसाच्या भाजीस वा सांदणांस असा कोणी प्रतिनिधी नेमीत नाही. परदेशी 'आपल्या' भोजनगृहात बसलेला कोकणचा मनुष्य खरोखरी पाहुणाच असतो. फक्त ते कबूल करण्याचे त्याच्या जिवावर येते.

ती आली तेव्हा आम्ही यादीच वाचीत होतो. वय सव्वीस-सत्तावीस, अंगावर साधा पांढरा सदरा, केस मागे बांधलेले. आमच्यापुढे तिने दोन्ही हात जोडून नासिकेपर्यंत नेले व मान लववून म्हटले, "सवातदी, आचान." पहिला शब्द 'स्वस्ति'वरून घडविलेला आहे, हे आम्हांस ठाऊक होते. दुसरा कानी पडताच आम्ही विरघळलो. 'आचान' म्हणजे 'आचार्य'. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी आम्हांस 'सर' म्हणतात, पाठीमागे याहून निराळे काही म्हणतात. आचार्य म्हणून हाक मारणारी पहिली व्यक्ती आम्हांस हुआ हिन येथे भेटावी! सौभाग्यवतींस तिने 'खुन मॅ' म्हटले. त्याचा अर्थ 'आई' असा, परंतु आदरार्थी, असे चिरंजीवांनी किंचित घाईने सांगितले.

पुढील अर्धा तास आम्ही जे केले त्याची आठवण सुखाची नाही. मनुष्य गोंधळला म्हणजे ज्या विषयात त्याची गती आहे त्यात शिरून बसतो. आम्ही व्युत्पत्तीत शिरलो. थाई 'आहान' म्हणजे आपला आहार. 'ख्रू' म्हणजे गुरू. 'नखोन' म्हणजे नगर, कारण त्या भाषेत शब्दाच्या अखेरचे र आणि ल यांचा उच्चार न होतो, व म्हणूनच आपली विमल तेथे 'विमोन' होते. 'थोरसप' म्हणजे टेलिफोन, अर्थात 'दूरशब्द'. तिचे गाव कोणते म्हणून विचारले. तिने 'उबोन राचथानी' असे सांगितले. आम्ही टेबलावर थाप मारली. उत्पल-राजधानी! कमळांची राजधानी! हे गाव कोणत्या भागात? ईसानात. ईसान! अहो, हा तर ईशान्य दिशेचा ईशान! येणेप्रमाणे चाललो असता आम्ही एकेक शब्द तिच्या घरातून उचलून आणून आमच्या नावावर जमा करीत होतो, हे आमच्या ध्यानातही आले नाही. १९२६ साली कलकत्त्यास 'बृहत्तर भारत' शोधणारी विद्वानांची एक संस्था निघाली होती. तिचे सर्व सभासद त्या रात्री आमच्या मुखाने बोलत असावेत.

ती लक्षपूर्वक ऐकत होती. मध्ये एकदा चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, पुरे." आम्ही अर्थातच थांबलो नाही. अखेर आमचा श्वास संपला, तेव्हा तिने इंग्रजीत सांगितले की, शाळेत त्यांना हे शब्द संस्कृत व पाली म्हणून शिकवितात, आणि लेखनात आजही मूळ अक्षरे ठेवावी लागतात म्हणून लहान मुले रडतात. मग क्षणभर थांबून म्हणाली, "आमच्याकडे हिंदी माणसाला मात्र निराळाच शब्द आहे, आचान. खॅक."

हा शब्द आमच्या संस्कृत कोशात सापडणारा नव्हे. त्याचा अर्थ पाहुणा. हिंदुस्थानातून, इराणातून, अरबस्तानातून, मलायातून जो कोणी आला तो सर्व 'खॅक'. तळलेल्या केळ्यांच्या भज्यांस ते 'क्लुवाय खॅक', म्हणजे पाहुण्यांची केळी म्हणतात, आणि आपल्या फरसबीस 'थुवा खॅक', पाहुण्यांच्या शेंगा. बँकॉकमधील सिलोम रस्त्यावरच्या मारियम्मनच्या देवळासही लोक 'वात खॅक' म्हणतात. या शब्दात कधी कधी थोडा उपहास असतो, हेही तिने लपविले नाही. "तुमच्या मुलाला पहिल्या वर्षी फार वाईट वाटले होते," ती म्हणाली. आम्ही चिरंजीवांकडे पाहिले. त्यांनी आम्हांस कधी कळविले नव्हते. रविवारच्या फोनवर ते नेहमी 'सर्व छान' असते.

एवढ्यात वेगळेच संकट उपस्थित झाले. सौभाग्यवतींनी यादी मिटून ठेवली व वाढप्यास सांगितले की, त्यांना साधे वरण हवे. कांदा नको, टोमॅटो नको, साय नको, वरून तिखट फोडणी नको. वाढप्यास हे पदार्थवर्णन कळेना. दाल तडका, दाल मखनी, दाल फ्राय या तीन नावांपलीकडे डाळीस अस्तित्व आहे हे त्यास मान्यच नव्हते. तेव्हा आतून स्वयंपाकी बाहेर आला. साठीच्या घरातला, ठेंगणा, चपट्या नाकाचा, कमरेस फडके गुंडाळलेला. नेपाळी वळणाच्या हिंदीत त्याने विचारपूस केली. आम्ही सहज चौकशी केली, तर गृहस्थ नेपाळचा नव्हता, हिंदुस्थानचा तर नव्हताच. त्याचे जन्मग्राम ब्रह्मदेशातले मोगोक, माणकांच्या खाणींचे गाव. आजोबा गुरखा पलटणीत शिपाई होते, ते तिकडेच राहिले. १९६२ साली तेथे लष्कराचे राज्य आले व पुढे परक्या रक्ताच्या लोकांचे पाय निसटू लागले, तेव्हापासून त्याच्या कुटुंबातील एकेक जण बाहेर पडत गेला. हिंदुस्थान त्याने पाहिलेला नाही. 'आपले' अन्न तो बँकॉकच्या एका सरदारजीकडे शिकला.

"आप लोग कहाँ से?" त्याने विचारले. मुंबई म्हटले की परदेशी काम भागते. परंतु त्या वेळी आमच्या तोंडून रत्नागिरी हेच नाव गेले.

त्याने हातातील झारा टेबलावर ठेवला. ते नाव त्याने आपल्या ढंगाने दोनदा उच्चारले आणि म्हणाला, "जेथे आमचा राजा मेला."

बँकॉकमध्ये आठ-दहा उच्चविद्याविभूषित लोकांस आम्ही आमच्या गावाचे नाव सांगितले होते. आंब्यांपलीकडे कोणास काही ठाऊक नव्हते. मोगोकच्या या स्वयंपाक्यास मात्र ते गाव शाळेपासून ठाऊक होते. इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेऊन थिबा राजास पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याआधी त्यांनी आपल्या बहादुरशहास रंगूनला नेले होते. तो तेथे १८६२ साली वारला. ही देवाणघेवाण सरकारने कोणत्या हिशेबाने केली कोण जाणे. खाडीकडे तोंड केलेला थिबा पॅलेस १९१० साली पुरा झाला व १९१६ साली राजा त्यात वारला. २०१२च्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस त्याच्या समाधीच्या दर्शनास आले होते. हे सर्व आम्ही त्या म्हाताऱ्यास सांगितले. तो उभ्यानेच ऐकत होता. मग त्याने विचारले, "आणि राजाच्या मुली?"

चार मुली होत्या. थोरलीचे मन राजवाड्याच्या पहाऱ्यावरील सावंत नावाच्या मराठी मनुष्यावर बसले. त्यास आधीची बायको होती. त्यांस मुलगी झाली, ती टुटू. राजाच्या मागे कुटुंब ब्रह्मदेशी परतले, परंतु ही राजकन्या मुलीस घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ साली तेथेच वारली. टुटूने आमच्याच गावी संसार केला, मराठी बोलली, गरिबीत दिवस काढले, आणि २००० साली डोळे मिटले.

हे सांगता सांगता आमचा आवाज मंद होत गेला, कारण एक गोष्ट आम्ही बोलत नव्हतो पण आम्हांस आठवत होती. आमच्या लहानपणी ती वृद्ध बाई हयात होती. आमच्या घरात तिचा विषय निघे तो दृष्टांत म्हणून निघे. कोणी मुलगा वा मुलगी भलत्या घरी मन गुंतविते असे दिसले की आजी म्हणे, "थिब्याच्या लेकीसारखी गत होईल." दृष्टांतातली नात गावात चालती-बोलती असून तिच्याशी दोन शब्द बोलावे असे आमच्या घरातील कोणास कधी वाटले नाही. आम्हांसही नाही. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, मिल वाचीत होतो, आणि तिच्या घरापासून आमचे घर फार दूर नव्हते.

चिरंजीवांनी हा दृष्टांत पणजीच्या तोंडून ऐकलेला नाही; ते तान्हे असतानाच ती गेली. परंतु आमच्याकडे ते ज्या दृष्टीने पाहत होते तीवरून वाटले की, असा काही दृष्टांत आमच्या घरात असणार हे त्यांनी जाणलेले आहे. एक वर्ष त्यांनी आम्हांस काही कळविले नाही याचा जो राग सायंकाळपासून आम्ही पोशीत होतो, तो त्या दृष्टीपुढे आम्हांस धड धरता येईना.

स्वयंपाकी आत गेला व पंधरा मिनिटांनी स्वतःच वाडगे घेऊन आला. मुगाच्या डाळीचे वरण. हळद, मीठ, बस्स. सोबत डब्यातले तूप आणि चिरलेली हिरवी लिंबे. टेबलावर नाना रंगांचे पनीर व नान थंड होत होते. त्यांकडे कोणी पाहिलेही नाही. सौभाग्यवतींनी भातावर वरण घेतले, तूप सोडले, लिंबू पिळले, बांगड्या किंचित मागे सारल्या आणि सरळ हाताने कालवावयास आरंभ केला. आम्ही काट्या-चमच्याने जेवत होतो. इंग्रजी विद्येने आम्हांस जे काही दिले त्यात परक्यांदेखत हाताने जेवण्याची लाज हेही एक आहे. चिरंजीव आमचेच, त्यांच्याही हाती काटा होता.

थाई लोक उजव्या हाती चमचा व डाव्या हाती काटा धरून काट्याने घास चमच्यात लोटतात. सुरी लागत नाही. तीही तशीच जेवत होती. सौभाग्यवतींचा हात तिने काही वेळ निरखून पाहिला. मग चमचा खाली ठेवला, उठून हात धुऊन आली, आणि भात बोटांनी एकत्र करू लागली. तिच्या ईसान प्रांतात चिकट भात खातात. बांबूच्या लहानशा करंडीतून तो चिमटीने घ्यावयाचा, मुठीत वळून त्याचा गोळा करावयाचा व तोंडी लावण्यात बुडवून खावयाचा. तिची आजी चमच्यास हात लावीत नाही. येथील भात मात्र सुवासिक व मोकळा होता. तिने वळलेला गोळा तोंडापर्यंत पोचण्याआधीच फुटला. "असं नव्हे गं," सौभाग्यवती मराठीत म्हणाल्या, आणि चार बोटांवर घास घेऊन अंगठ्याने पुढे कसा लोटावा ते त्यांनी करून दाखविले. दुसराही घास सांडला. तिसरा पोचला. दोघी हसल्या. आमच्या हातातील काट्याला एकही शीत लागेना. डाळभात काट्याने खाण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांस अधिक सांगणे नलगे.

मग सौभाग्यवतींनी डाव्या हाताने बटवा उघडून तो घडी घातलेला कागद काढला व तिच्यापुढे ठेवला. "हे अक्षर हिचंच ना रे?" त्यांनी मुलास विचारले.

"हो," चिरंजीव म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"तुझं अक्षर मला ठाऊक नाही का? मराठीतसुद्धा कोंबडीचे पाय. आणि फोनवर मागे कुणीतरी भांडी घासत असतं वर्षभर, ते काय मला ऐकू येत नाही?" मग आमच्याकडे वळून, "तुम्ही तेवढे व्युत्पत्त्या काढीत बसा."

ती कागदाकडे पाहत होती व तिचे कान तांबडे झाले होते. मराठी तिला कळत नसावे, परंतु कळावयाचे ते कळले होते. सौभाग्यवतींनी तिच्या घरची चौकशी केली. चिरंजीव दोन्हीकडे अर्थ सांगत होते. वडील वारले, आई भातशेती करते, एक धाकटा भाऊ शिकतो, ती स्वतः चिरंजीवांच्याच कचेरीत हिशेब पाहते. यानंतर चिरंजीवांनी, एकदाचे सर्व होऊन जाऊ द्यावे अशा आविर्भावाने, आणखी एक गोष्ट सांगितली. त्या देशात लग्नाच्या वेळी वराकडून वधूच्या आईबापांस रक्कम द्यावी लागते. तिला 'सिनसोत' म्हणतात. ती पाहुण्यांपुढे मांडून ठेवण्याचीही चाल आहे.

हुंड्याविरुद्ध आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत. परंतु तो घेऊ नये, एवढाच आमचा विषय असे. द्यावा लागला तर काय करावे यावर आमची तयारी नव्हती. "म्हणजे आपण द्यायचे!" सौभाग्यवती म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी घरातली एक आमराई विकली होती. आम्ही तेव्हा विद्यार्थीदशेत असून तो व्यवहार वडीलधाऱ्यांनी केला, असे आम्ही आजवर मानीत आलो आहोत. त्यांनी ते कधी बोलून दाखविले नव्हते, त्या रात्रीही दाखविले नाही.

स्वयंपाकी वरणाचे पैसे घेईना. आम्ही पुष्कळ आग्रह केला. शेवटी त्याने, रत्नागिरीस गेल्यावर राजाच्या समाधीवर त्याच्या नावाने एक फूल ठेवा, असे सांगून विषय मिटविला. बाकीचे बिल मोठे होते, कारण न खाल्लेल्या पनीराचेही पैसे पडले; ते बांधून घेतले व दाराशी उभ्या असलेल्या त्या तरुणास दिले.

बाहेर पडल्यावर चिरंजीव व ती पुढे चालू लागली. समुद्रावर अंधार होता; कालवे विकणारी एक बाई हातगाडी ढकलीत घरी निघाली होती. आम्ही काही बोलावे म्हणून शब्द शोधीत होतो. तोच सौभाग्यवतींनी मुलास हाक मारली.

"अरे, तिच्या आईच्या गावाला रेल्वे जाते का?"

"जाते. बँकॉकहून रात्रीची गाडी आहे."

"मग तिघांची तिकिटं बघ. आणि हे पाहा, यांना खालचाच बर्थ मिळायला हवा. यांचा गुडघा दुखतो."